फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर प्रोसेसर थंड करायचाय? आधी खोलीतली हवा मोजा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीला राहतोस, रेंडरिंगसाठी इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर घेतलायस, पाण्याच्या कूलिंगचा ३६० एमएमचा रेडिएटर लावूनही एप्रिलमध्ये तो १०० डिग्रीला टेकून थ्रॉटल होतो (तापल्यामुळे स्वतःच वेग कमी करतो), घरात १९० लिटरचा जुना फ्रिज पडून आहे, तर त्याच्या फ्रीजरमध्ये बादली ठेवून तिच्यात कॉपर पाइपचं वेटोळं सोडायचं, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते ५ डिग्रीवर धरायचं, जमेल का?

उत्तर आधी देतो. तो फ्रिज आहे तसा वापरलास तर नाही जमणार, आणि ५ डिग्री तर डोंबिवलीत अजिबात नाही. पण रेफ्रिजरेशनने पाणी थंड करून प्रोसेसर चालवणं शक्य आहे, आणि नीट केलं तर फार सुंदर चालतं. मी वीस वर्षं रेफ्रिजरेशनच्या कामात आहे, भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, मुख्य काम लेझर मशिनचे आणि लॅबचे चिलर (पाणी थंड करून फिरवणारी मशिनं), पण गेली काही वर्षं कॉम्प्युटरवाल्या पोरांसाठी पण बरेच बनवून दिलेत, त्यामुळे कुठे काय बिघडतं ते डोळ्यांनी बघितलंय. सगळं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रिज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. म्हणजे पाणी किती थंड होईल हा प्रश्नच नाहीये, उष्णता किती वॅटने उचलली जाईल हा प्रश्न आहे. १९० लिटरच्या फ्रिजमध्ये साधारण १/८ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर असतो, फ्रीजरच्या तापमानाला तो शंभरेक वॅट उचलतो, आणि फ्रिजला तेवढं पुरतं कारण दरवाजा बंद असताना थोडीच उष्णता आत शिरते, कॉम्प्रेसर थोडा चालतो, थोडा थांबतो. आता तुझा प्रोसेसर बघ, फुल टर्बोला २५३ वॅट, वर पंपाचे १५-२०, म्हणजे २७० वॅट धर, आणि रेंडर लागलं की ते तासन्‌तास सलग. शंभर वॅट उपसणाऱ्या पंपावर २७० वॅटचा नळ सोडलाय असं समज.

आकडा घालून बघ. १० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ४२ किलोज्यूल लागतात, २५० वॅटने तेवढे तीन मिनिटांच्या आत जमा होतात. म्हणजे ५ डिग्रीची बादली एका तासात २६ला. फ्रिज त्यातले शंभर वॅट उचलतोय धरलं तरी तासाला १३ डिग्रीने चढणारच. बर्फाचं पण तेच, १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो, ऐकायला खूप वाटतं पण २५० वॅटपुढे तो २२ मिनिटांत संपतो. म्हणून अशा प्रयोगांचे व्हिडिओ नेहमी दहा मिनिटांच्या बेंचमार्कचे असतात, चार तासांच्या रेंडरचे नसतात.

इथे कोणीतरी तुला सांगेल की पाणी गरम असलं की कॉम्प्रेसर जास्त उष्णता उचलतो. ते खरं आहे, आणि घात पण तिथेच आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर लो बॅक प्रेशरचा असतो, म्हणजे इव्हॅपोरेटर (उष्णता शोषणारी थंड कॉइल) उणे २३च्या आसपास असताना चालायला बनवलेला. त्याला तू २५-३० डिग्रीच्या पाण्यावर लावलास की सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ओढणाऱ्या बाजूला, येणारा गॅस दाट होतो, प्रत्येक फेरीला जास्त गॅस दाबावा लागतो, मोटर ओढत बसते, अँपिअर वाढतात, कॉम्प्रेसरचा डोम हात लावू देत नाही इतका तापतो आणि ओएलपी (जास्त तापला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप. थंड झाला की परत चालू, परत ट्रिप. असं पंधरा-वीस दिवस चाललं की आतलं तेल काळं पडतं आणि मग वाइंडिंग जातं. शिवाय फ्रिजची कॅपिलरी (गॅस मोजून सोडणारी नळी) पण त्या उणे तापमानाच्या हिशेबाने लांब आणि बारीक ठेवलेली असते, ती एवढा गॅस सोडूच शकत नाही. म्हणजे कॉम्प्रेसर, कॅपिलरी, कॉइल सगळं बदलायचं, मग फ्रिजचं उरलं काय, तर डबा.

आणि एक कळकळीची विनंती, फ्रिज गेल्या दहा-बारा वर्षांतला असेल तर मागच्या स्टिकरवर गॅस बघ. आर६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, गॅसच्या शेगडीसारखाच पेटतो. ३०-६० ग्रॅमच असतो, पण बंद खोलीत पाइप कापून लगेच जोडकामाचा जळता टॉर्च लावला तर चेहरा भाजायला तेवढा पुरे. घरी कापू नकोस.

आता मुद्द्यावर येतो. पाणी किती थंड ठेवायचं हे कॉम्प्रेसर ठरवत नाही, तुझ्या खोलीतली हवा ठरवते. फ्रिजमधून बाटली काढून टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो ना, तोच घाम तुझ्या वॉटर ब्लॉकला (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या ठोकळ्याला), नळ्यांना आणि प्रोसेसरच्या सॉकेटच्या मागच्या बाजूला फुटणार. ज्या तापमानाला हा घाम सुरू होतो तो दवबिंदू. तो कोरड्या हवेत खाली असतो, दमट हवेत खोलीच्या तापमानाला जवळजवळ चिकटलेला असतो.

काढायची सोपी पद्धत सांगतो, आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर १०० मधून आर्द्रता वजा कर, उरलं त्याला ५ ने भाग, तेवढे डिग्री खोलीच्या तापमानातून वजा कर. ३२ डिग्री आणि ७५ टक्के असेल तर २५ भागिले ५ म्हणजे ५, दवबिंदू २७. एप्रिलमध्ये तुझ्याकडे ३४ डिग्री आणि ६० टक्के असतील तर या युक्तीने २६, तक्त्याने नेमका साधारण २५. जुलैत ३० डिग्री आणि ८५ टक्के, दवबिंदू २७. म्हणजे पावसाळ्यात तुझ्या खोलीत २५ डिग्रीचं पाणीसुद्धा घाम आणेल, आणि तू ५ डिग्री म्हणतोयस! याउलट आमच्याकडे पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असते तेव्हा दवबिंदू ११च्या आसपास निघतो (इतक्या कोरड्या हवेला वरची युक्ती चालत नाही, तिथे तक्ता किंवा मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर वापर), तिथे १४ डिग्रीचं पाणी बिनधास्त फिरवता येतं. तोच चिलर, तोच प्रोसेसर, घाटाखाली गेला की हिशेब बदलला. म्हणून कोणा परदेशी माणसाने त्याच्या थंड कोरड्या देशात ४ डिग्रीवर चालवून दाखवलं म्हणून आपण तेच करायचं नसतं.

एक प्रसंग सांगतो, कारण याच प्रकाराने सगळ्यात जास्त बोर्ड जातात. ठाण्याच्या एका मुलाला चिलर बनवून दिला होता. खोलीत एसी २४वर, आर्द्रता ५० टक्के, दवबिंदू १३, आम्ही पाणी १६वर लावलं, महिनाभर एक थेंब नाही. जुलैत एका रात्री रेंडर संपलं, त्याने एसी बंद केला, खिडकी उघडली आणि झोपला. पीसी आणि चिलर चालूच. बाहेरची पावसाळी हवा आत आली, दवबिंदू १३ वरून २५ला, आणि ब्लॉक तिथेच १६वर. सकाळी स्क्रीन काळी. मी गेलो, ब्लॉक काढला, तर सॉकेटच्या कडेला पाण्याची सलग रेघ होती, पहिल्या स्लॉटच्या खालच्या कडेला थेंब लोंबत होता, बोर्डच्या पाठीमागे, जिथे कोणी कधी बघत नाही तिथे, सोल्डरच्या टोकांवर दव बसलं होतं आणि दोन ठिकाणी हिरवट झालं होतं. बोर्ड गेला, प्रोसेसर सुदैवाने वाचला. चूक माझी होती, मी त्याला फिक्स तापमानाचा कंट्रोलर दिला होता. तेव्हापासून मी फिक्स सेटिंगचा चिलर कॉम्प्युटरसाठी देतच नाही.

यात अजून एक गोष्ट आहे जी पोरांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं धोका फुल लोडला, पण घाम येतो तो पीसी निवांत असताना. लोड असतो तेव्हा प्रोसेसर ब्लॉकला खालून तापवत असतो, सॉकेट गरम असतं. रेंडर संपलं की उष्णता गेली, ब्लॉक आणि त्याच्या आजूबाजूचा बोर्ड हळूहळू पाण्याच्या तापमानाला येतो, आणि नेमकी ती वेळ रात्रीची, हवा दमट व्हायची. म्हणून पीसी बंद झाला किंवा स्लीपला गेला की चिलर पण बंद झालाच पाहिजे, पीसीच्या १२ व्होल्टवर रिले लावून ते आपोआप होईल असं कर, लक्षात ठेवण्यावर सोडू नकोस.

कंट्रोलर काय लावायचा? बाजारात एसटीसी-१००० नावाचा डिजिटल थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतो, कॉम्प्रेसर डिलेची (थांबल्यावर लगेच परत सुरू होऊ न देण्याची) सोय त्यात आहे, सुरुवातीला तो चालेल, पण दर मोसमात सेटिंग हाताने बदलावं लागेल. त्यापेक्षा तू इंजिनिअरिंगचा मुलगा आहेस, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड घे, खोलीत पीसीच्या शेजारी एसएचटी३१चा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, पाण्यात डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, आणि प्रोग्राममध्ये एवढंच, की पाण्याचं सेटिंग नेहमी दवबिंदू अधिक ३ डिग्री. हवा कोरडी झाली की पाणी आपोआप खाली जाईल, दमट झाली की वर येईल. ठाण्याच्या त्याच मुलाला नंतर हे बसवून दिलं, त्यानंतर दोन पावसाळे झाले, बोर्ड कोरडा आहे. फक्त स्वस्तातला निळा डीएचटी११ घेऊ नकोस, त्याची आर्द्रता पाच टक्के इकडेतिकडे असते, म्हणजे आपल्या ३ डिग्रीतला एक-दीड डिग्री तिथेच संपला.

तुला वाटेल की मग डोंबिवलीत २८ डिग्रीच्या पाण्याने काय मोठा फायदा. हिशेब कर. आत्ता रेडिएटरवर खोली ३४ असेल तर पाणी त्याच्या ११-१२ डिग्री वर, म्हणजे ४५-४६ला असतं. रेडिएटर कितीही मोठा लावलास तरी पाणी खोलीच्या खाली जाऊ शकत नाही. चिलरने तेच पाणी २८ला आलं तर १७-१८ डिग्री वाचले, आणि पाणी जेवढं उतरतं साधारण तेवढाच कोअर उतरतो. म्हणजे आत्ता १०० ला टेकून थ्रॉटल होणारा प्रोसेसर ८०-८५ला सलग चालेल. जुलैत ३०वर ठेवावं लागेल, तरी रेडिएटरपेक्षा दहा-बारा डिग्री कमीच. डिसेंबरमध्ये हवा कोरडी असेल तेव्हा १६-१७ पर्यंत जाता येईल. हा फायदा लहान नाहीये, आणि यासाठी बोर्डवर एक थेंब येत नाही. त्याच्या खाली जायचं तर बोर्डला कोटिंग, सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, मागून-पुढून फोम, ते बेंचमार्क मारणाऱ्यांचं काम आहे, रोजच्या कामाच्या मशिनवर मी ते कोणालाच सुचवत नाही.

आता सामान. माझी पहिली पसंती ऐकून तुला आश्चर्य वाटेल, ऑफिसात, शाळेत असतो तो पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा वॉटर कूलर, ४० लिटरचा, भंगारात किंवा ऑफिसं बंद होतात तिथे सेकंडहँड मिळतो. हा अगदी आपल्याच कामासाठी बनवल्यासारखा आहे. तासाला ४० लिटर पाणी ३२ वरून १५ला आणतो असं धर, म्हणजे जवळपास ७९० वॅट. कॉम्प्रेसर पाण्याच्या तापमानासाठीच निवडलेला, हाय बॅक प्रेशरचा, कॅपिलरी त्याच हिशेबाची, इव्हॅपोरेटरची कॉइल टाकीला बाहेरून गुंडाळून सोल्डर केलेली, वर पफचं (फोमचं) इन्सुलेशन, कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) पंखा. तुला काही कापायचं नाही, ब्रेझिंग (पाइप तापवून जोडणं) नाही, गॅस मारायचा नाही. नळ काढून तिथे पंपाची लाइन, वरून रिटर्न, आणि मूळ थर्मोस्टॅटच्या जागी आपला कंट्रोलर.

आणि टाकी ४० लिटरची असल्यामुळे कॉम्प्रेसरला श्वास मिळतो. २ डिग्रीचा फरक ठेवलास तर २७० वॅटवर पाणी तेवढं तापायला वीस मिनिटं लागतात, मग कॉम्प्रेसर दहा-अकरा मिनिटं चालून ते परत खाली आणतो. कॉम्प्रेसरला यापेक्षा सुखाचं आयुष्य नाही. फक्त पाणी २८ला ठेवलं की सक्शन प्रेशर त्याच्या रोजच्यापेक्षा वर राहील, म्हणून पहिल्या दिवशी क्लॅम्प मीटर लावून अँपिअर बघ, प्लेटवर लिहिलेल्याच्या आत असले पाहिजेत, आणि कंडेन्सरची जाळी ब्रशने साफ ठेव.

काही जण विंडो एसी घेऊन त्याची कॉइल टाकीत बुडवतात. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तुला लागतात २७० वॅट. २० लिटरच्या टाकीत तो २ डिग्री पन्नास सेकंदांत उतरवतो आणि बंद होतो. एवढ्या छोट्या फेऱ्यांमध्ये कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर गेलेलं तेल परत यायच्या आत तो थांबतो, असं होत होत तो कोरडा पडतो. १ टन लावायचाच तर ८० लिटरच्या वर टाकी पाहिजे, किंवा दोन-चार पीसी मिळून एकच चिलर. एका पीसीला १ टन म्हणजे डास मारायला तोफ आणल्यासारखं आहे, नको ते.

लेझर कटिंगवाल्यांकडचे तयार चिलर पण मिळतात, पण डोळे उघडे ठेवून घे. सीडब्ल्यू-३००० म्हणून जो मिळतो त्यात कॉम्प्रेसरच नसतो, नुसता रेडिएटर आणि पंखा, ते तर तुझ्याकडे आधीच आहे. सीडब्ल्यू-५०००मध्ये कॉम्प्रेसर असतो, साधारण पाऊण किलोवॅटचा, तो तुझ्या कामाचा. उचलून बघितलं तरी कळतं, कॉम्प्रेसरवाला चांगला जड लागतो. पेल्टियरचा (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते त्या चकतीचा) मोह होईल, छोटा आहे, आवाज नाही. पण तो जेवढी उष्णता उचलतो त्याच्या बरोबरीने किंवा जास्त वीज स्वतः खातो, मग त्याची गरम बाजू थंड करायला परत मोठा रेडिएटर. इंटेलने २०२० मध्ये क्रायो कूलिंग नावाने हेच पेल्टियरचं तंत्र कूलर कंपन्यांबरोबर आणलं होतं, त्यात दवबिंदू बघून चालणारा मोड पण होता, कल्पना चांगली होती, पण फुल लोडच्या वॅटला ते पुरं पडत नव्हतं आणि पुढे त्यांनीच ते थांबवलं.

पंपाचं आणि पाण्याचं बोलू. डी५ नावाचा कॉम्प्युटर कूलिंगचा पंप पुरेसा आहे, पण तो स्वतःहून पाणी ओढून घेत नाही, म्हणून टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली लाव. मिनिटाला ४ लिटर मिळालं तरी ब्लॉकमधून जाताना पाणी १ डिग्रीसुद्धा तापत नाही, जास्त फ्लोच्या मागे लागू नकोस. पाणी डिस्टिल्ड, त्यात कॉम्प्युटर कूलिंगचं इनहिबिटर (गंज रोखणारं) आणि बायोसाइड (शेवाळ मारणारं), नाहीतर ४० लिटरमध्ये शेवाळ धरतं आणि ब्लॉकच्या केसासारख्या बारीक चरांमध्ये जाऊन बसतं. लूपमध्ये ॲल्युमिनियम कुठेही नको, ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला की काही महिन्यांत ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरा गाळ फिरायला लागतो. तुझ्या आत्ताच्या सीलबंद कूलरचा रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचाच असेल, तो यात जोडू नकोस. ग्लायकोल १५च्या वरच्या पाण्यात लागतच नाही, त्याने पाणी जाड होतं आणि उष्णता कमी वाहते. नळ्यांना काळी नायट्राइल स्लीव्ह (रबरी फोमचं आवरण) चढव, ९ एमएमची पुरे, पण सांधे आणि फिटिंगपाशी टेप मारून हवाबंद कर, कारण दमट हवा फटीतून आत गेली की स्लीव्हच्या आत घाम येतो आणि बाहेरून दिसत पण नाही.

टाकी पीसीच्या वर ठेवायची नाही, हे अगदी पक्कं लक्षात ठेव. वर असली आणि एखादी नळी सुटली तर पंप बंद केलास तरी ४० लिटर पाणी सायफनने खोलीत येणार. टाकी जमिनीवर, पीसी टेबलावर.

माझ्या एका चुकीतून अजून एक शिकवण आहे. एका लॅबसाठी वॉटर कूलरच्या टाकीऐवजी प्लेट हीट एक्स्चेंजर वापरला होता, छान कॉम्पॅक्ट वस्तू, उष्णता फार पटकन घेते. ट्रायलला फ्लो स्विच (पाणी वाहायचं थांबलं की कॉम्प्रेसर बंद करणारा) सारखा ट्रिप होत होता म्हणून मी तो तात्पुरता शॉर्ट केला आणि परत जोडायचं राहिलं. काही दिवसांनी पंप अडकला, पाणी थांबलं, कॉम्प्रेसर चालू. प्लेटमधलं उभं पाणी गोठलं, प्लेट आतून फाटली, मग पाणी गॅसच्या बाजूला गेलं आणि कॉम्प्रेसरने ते ओढलं. कॉम्प्रेसर उघडला तेव्हा आत चहात दूध घालावं तसं तेल दिसत होतं. सगळं सिस्टिम फेकावं लागलं, पैसे मी भरले. म्हणून तू पुढे कधी प्लेट वापरलीस तर फ्लो स्विच पहिला, बाकी नंतर. टाकीवाल्यात ही भीती बरीच कमी आहे, तरी पंप बंद पडला की पीसीच बंद झाला पाहिजे, बायोसमध्ये पंपाच्या स्पीडची वॉर्निंग आणि शटडाउन लावून ठेव.

विजेचं पण बघ. आपल्याकडे लाइट जाते आणि लगेच येते. कॉम्प्रेसर थांबल्या थांबल्या परत सुरू झाला तर दोन्ही बाजूचं प्रेशर सारखं झालेलं नसतं, मोटर फिरत नाही, जागेवर गुणगुणत बसते. कमीत कमी तीन मिनिटांचा डिले ठेव. चिलर पीसीच्या यूपीएसवर कधीच नको, सुरू होतानाचा झटका यूपीएसला झेपत नाही. अर्थिंग नीट, आणि त्या लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, पाणी आणि वीज एका जागी आणतोयस.

चिलर शक्यतो बाल्कनीत ठेव. कंडेन्सरमधून प्रोसेसरची उष्णता तर बाहेर पडतेच, वर कॉम्प्रेसरची स्वतःची वीज पण उष्णता होऊन बाहेर पडते. २७० वॅट प्रोसेसर-पंपाचे आणि सरासरी शंभरेक वॅट कॉम्प्रेसरचे, सगळं त्याच खोलीत सोडलंस तर तू खोली तापवतोयस, मग एसी वाढवणार, बिल वाढणार. नळ्या पाच-सहा मीटर लांब गेल्या तरी डी५ला काही वाटत नाही. पावसाचं पाणी पडणार नाही असं छप्पर मात्र पाहिजे.

हे रेफ्रिजरेशनचं काही नवीन खूळ नाहीये बरं का. १९७६च्या क्रे-१ सुपरकॉम्प्युटरमध्ये बोर्डांच्या कडांना लागून असलेल्या खांबांमधून फ्रिऑन (फ्रिजमधल्यासारखा थंड करणारा गॅस) फिरायचा, मशिन शंभर किलोवॅटच्या वर वीज खायचं, त्याशिवाय ते चाललंच नसतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली क्रायोटेक आणि नंतर डेन्मार्कची ॲसटेक यांनी घरच्या पीसीसाठी प्रोसेसरवर थेट इव्हॅपोरेटर बसवणारी मशिनं विकली, आणि तीच ॲसटेक पुढे साध्या सीलबंद वॉटर कूलरकडे वळली. २०१८च्या जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलने २८ कोअर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवले, तेव्हा टेबलाखाली १ हॉर्सपॉवरचा, मत्स्यालयासाठी विकतात तसला चिलर होता. आणि दुसरीकडे म्युनिकजवळच्या गार्चिंगला २०१२ मध्ये सुपरएमयूसी उभं राहिलं त्यात मुद्दाम ४० डिग्रीच्या आसपासचं गरम पाणी फिरवलं, कारण एवढं गरम पाणी बाहेरच्या हवेवरच थंड होतं, चिलरची वीजच लागत नाही. म्हणजे हजारो प्रोसेसर वर्षभर चालवणारे लोक चिलर टाळायला बघतात आणि एक प्रोसेसर शेवटच्या टोकापर्यंत ताणणारे चिलर लावतात. तू या दोघांच्या मध्ये आहेस, रेंडरिंगवर तुझं पोट आहे, त्यामुळे पहिले काही फुकटचे उपाय कर.

बायोस अपडेट केलायस का ते बघ, तेरा आणि चौदाव्या पिढीच्या या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाण्याचा प्रश्न होता, इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला, आणि तो प्रश्न कितीही थंड पाण्याने सुटत नाही. मग पॉवर लिमिट २५३ वरून २००ला आणून एक रेंडर लावून बघ, वेळ किती वाढतो ते मिनिटांत लिहून ठेव. ब्लॉक काढून पेस्ट नीट पसरलीय का बघ, या प्रोसेसरचं झाकण सॉकेटच्या दाबाने किंचित वाकतं, त्यासाठी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, तिने काही डिग्री उतरतात. एवढं करून पण तुला पुरेसं वाटलं नाही, तरच वॉटर कूलर शोधायला निघ.

आणि शोधायला गेलास की बघून घे. दुकानदाराला आधी सांगून ठेव की कूलर सकाळपासून बंद ठेव, मी आल्यावर माझ्यासमोर लाव, कारण आधीपासून चालू ठेवलेला थंड कूलर काहीच सांगत नाही. टाकी भरून चालू कर, थर्मामीटर टाक. पाच-सात मिनिटांत डिस्चार्जची बारीक पाइप हात ठेवता येणार नाही इतकी गरम आणि सक्शनची जाड पाइप गार लागली पाहिजे. सक्शनवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढत असेल तर गॅस जास्त मारलाय किंवा लिक्विड परत येतंय, नको घेऊ. टाकीवर एकाच पट्ट्यात गारवा आणि बाकी कोमट असेल तर गॅस कमी आहे, कुठेतरी लीक असणार. अर्ध्या तासात ४० लिटर ८ डिग्री तरी उतरलं पाहिजे. शेवटी तो बंद करून तीन मिनिटांनी परत चालू करायला सांग, पहिल्या झटक्यात सुरू झाला तर रिले आणि कपॅसिटर ठीक आहेत. आणि टाकीच्या खालच्या सांध्यावर बोट फिरवून बघ, तिथे गंजाची पावडर लागली तर कितीही स्वस्त असला तरी सोड.